फ्लूची लस घेताना क्रम कुठे चुकतो: तयारीपासून आजारपणापर्यंत

"लस घेतली होती, तरी फ्लू झालाच" ही तक्रार दर हंगामात कानावर येते. नीट चौकशी केली की बऱ्याचदा उलगडा तारखांमध्ये सापडतो. घरात दोघं खोकायला लागल्यावर घाईने लस घेतलेली असते. मुलाचा दुसरा डोस राहून गेलेला असतो. किंवा दोन वर्षांपूर्वी घेतलेली लस अजून पुरेल असं धरलेलं असतं. लसीतला विषाणू आणि हंगामात फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसला, तरी डॉक्टरकडे जावं लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे सगळं बिनचूक केलं तरी थोडी जोखीम उरतेच. हातात असलेल्या गोष्टी चुकवून ती वाढवू नका. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा १: हंगाम ठरवा आणि तिथून उलटं मोजा

लस टोचल्यावर पुरेशी प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारे रक्तातले घटक, म्हणजे अँटिबॉडी) तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या आधी विषाणू अंगात शिरला तर लसीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून "कधी घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर आजच्या तारखेवरून काढू नका. आपल्याकडे फ्लू कधी वाढतो ते आधी ठरवा आणि तिथून मागे या.

उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत फ्लू साधारण ऑक्टोबरपासून डोकं वर काढतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत जोरात असतो. दक्षिण गोलार्धात हाच काळ साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. उष्ण प्रदेशांत गणित इतकं सरळ नाही. काही ठिकाणी रुग्ण वर्षभर आढळतात, काही ठिकाणी पावसाळ्यात लाट येते, तर काही ठिकाणी पावसाळ्यात एक आणि थंडीत दुसरी अशा दोन लाटा येतात. तुमच्या भागातली लाट कधी येते हे स्थानिक आरोग्य विभाग किंवा नेहमीचे डॉक्टर सांगू शकतात. एवढा एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समजा, तुमच्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला रुग्ण वाढतात. मग मोठ्या माणसाने उशिरात उशिरा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लस घेतलेली असावी. मुलाला दोन डोस लागणार असतील तर दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे आणि दुसऱ्या डोसानंतर आणखी दोन आठवडे, असे सहा आठवडे हवेत. म्हणजे पहिला डोस ऑक्टोबरच्या मध्यालाच द्यायला हवा. एखाद्या आठवड्यात मूल तापलं, लसीचा साठा संपला किंवा दवाखाना बंद असला, तर त्यासाठी हाताशी एक-दोन आठवडे जास्तीचे ठेवा.

फार आधीही नको. लसीचं संरक्षण काही महिन्यांत हळूहळू ओसरतं आणि वयस्क माणसांत ते लवकर ओसरतं. पासष्टीच्या पुढच्यांनी हंगामाच्या तीन-चार महिने आधी लस घेतली तर ऐन लाटेत संरक्षण पातळ झालेलं असू शकतं. दोन डोस लागणाऱ्या मुलांचं मात्र उलट आहे. त्यांच्यासाठी नवी लस आली की लगेच सुरुवात करा.

*सावधान:* हंगाम सुरू झाला म्हणून "आता काय उपयोग" असं म्हणून लस सोडू नका. विषाणू फिरत असेपर्यंत लस घेण्यात अर्थ आहे. यंदा एकदा फ्लू होऊन गेला असेल तरीही घ्या, कारण एकाच हंगामात विषाणूचे एकाहून अधिक प्रकार फिरत असतात.

टप्पा २: घरातल्या प्रत्येकाचं नाव कागदावर लिहा

हा टप्पा बहुतेक घरांत होतच नाही आणि त्यामुळेच पुढे गोंधळ होतो. एक कागद घ्या. प्रत्येकाचं नाव, वय, जुने आजार, मागची फ्लूची लस कधी घेतली आणि यंदा किती डोस लागतील, एवढं लिहा.

*सहा महिन्यांच्या आतलं बाळ:* त्याला फ्लूची लस देता येत नाही. त्याचं संरक्षण दोन बाजूंनी करावं लागतं. आईने गरोदरपणात लस घेतली तर प्रतिपिंडं बाळापर्यंत पोचतात आणि पहिले काही महिने त्याला आधार मिळतो. शिवाय बाळाला उचलणाऱ्या, त्याच्याजवळ झोपणाऱ्या प्रत्येकाने लस घेतलेली असावी. आजी-आजोबा आणि सांभाळणारी बाई यांची नावं इथेच यादीत घाला.

*सहा महिने ते आठ वर्षं:* लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन डोस लागतात. पहिला डोस शरीराला विषाणूची ओळख करून देतो, खरं संरक्षण दुसऱ्याने उभं राहतं. एक डोस देऊन थांबणं ही मुलांच्या बाबतीतली सर्वांत मोठी चूक आहे. मागे कधीतरी एकच डोस झाला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या नियमाप्रमाणे अशा मुलाला यंदा पुन्हा दोन डोस लागतात. पहिल्या डोसाच्या वेळी मूल आठ वर्षांचं होतं आणि मधल्या महिन्यात त्याला नऊ वर्षं पूर्ण झाली, तरीही दुसरा डोस द्यायचाच.

*गरोदर स्त्री:* टोचायची निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेली) लस कोणत्याही महिन्यात चालते. गरोदरपणात फ्लू जास्त त्रासदायक ठरतो, म्हणून "बाळंतपण झाल्यावर बघू" हा विचार दोघांनाही महागात पडू शकतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही लस घेता येते.

*जास्त धोका असलेले:* पाच वर्षांखालची, त्यातही दोन वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढचे, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, हृदयरोगी, मधुमेही, किडनी किंवा यकृताचा आजार असलेले, कर्करोगावर उपचार घेणारे, एचआयव्ही असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे आणि अतिस्थूल माणसं. या नावांसमोर खूण करा. ती टप्पा ६ मध्ये लागेल. पासष्टीच्या पुढच्यांसाठी काही देशांत जास्त मात्रेची किंवा परिणाम वाढवणारा घटक असलेली लस मिळते. मिळत असेल तर ती घ्या. मिळत नसेल तर तिची वाट पाहत न थांबता नेहमीची घ्या.

*तपासून पाहा:* मुलाचं लसीकरण कार्ड काढा. त्यावर "हिब" किंवा "हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाईप बी" अशी नोंद दिसली म्हणजे फ्लूची लस झाली, असं अनेक पालक समजतात. ती झालेली नसते. हिब हा जिवाणू आहे, त्याने मेंदूज्वर आणि न्यूमोनिया होतो आणि त्याची लस पूर्णपणे वेगळी आहे. शंका असेल तर नोंदीची तारीख बघा. मूल तेव्हा सहा महिन्यांच्या आत असेल तर ती फ्लूची लस असूच शकत नाही. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत असाच घोळ न्यूमोनियाच्या लसीवरून होतो. तिने फ्लू टळत नाही, आणि ती दरवर्षी घ्यायचीही नसते.

टप्पा ३: डॉक्टरांना आधी काय सांगायचं

लस टोचून झाल्यावर "अहो, मला एक विचारायचं होतं" असं होऊ देऊ नका. या गोष्टी आधी सांगा:

१. पूर्वी फ्लूच्या लसीनंतर श्वास अडकणं, अंगभर गांध्या, चेहरा सुजणं असं काही झालं होतं का.
२. फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत गुलेन बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाणारा आजार) झाला होता का.
३. आज ताप आहे का. साधी सर्दी असेल तर लस चालते. अंगात चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबतात.
४. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. असेल तरी लस घेता येते, फक्त बारीक सुई वापरतात आणि नंतर जागा न चोळता किमान दोन मिनिटं घट्ट दाबून धरावी लागते.
५. केमोथेरपी, जास्त मात्रेतली स्टिरॉइड किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू आहेत का. लस कधी घ्यावी हे त्या उपचारांच्या वेळापत्रकाशी जुळवावं लागतं.

अंड्याची अ‍ॅलर्जी या यादीत मुद्दामच घातलेली नाही. बहुतेक फ्लूच्या लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून करतात, म्हणून वर्षानुवर्षं अशा लोकांना लस नाकारली गेली. सीडीसीने २०२३-२४ च्या हंगामापासून अंड्याच्या अ‍ॅलर्जीसाठी वेगळी खबरदारी घेण्याची अटही काढून टाकली. तरी अ‍ॅलर्जी असेल तर सांगा, पण तेवढ्या कारणाने घरी परत येऊ नका.

नाकात फवारायची लस हा वेगळा प्रकार आहे. तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देत नाहीत. ती दोन वर्षांखालच्या बाळांनाही चालत नाही. सुईची भीती असलेल्या निरोगी मुलांसाठी मात्र चांगली सोय आहे.

टप्पा ४: लस घेण्याचा दिवस

सैल बाहीचा कपडा घाला. हे किरकोळ वाटेल, पण घट्ट बाही अर्धवट वर सारली की दंडाचा नेमका भाग उघडा पडत नाही आणि सुई भलत्याच जागी जाते. जेवून जा. उपाशीपोटी चक्कर येण्याची शक्यता वाढते. टप्पा २ चा कागद आणि मुलांची कार्डं सोबत घ्या.

खोका हातात घेऊन वाचा. मागायला संकोच वाटू देऊ नका. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, हंगाम. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतल्या विषाणूंची शिफारस करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हंगामासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या. त्यानुसार खोक्यावर हंगामाचं वर्ष आणि बहुधा गोलार्धही छापलेला असतो. दोन्ही प्रकारच्या लसी मिळतात अशा ठिकाणी सर्वांत नवी शिफारस कोणत्या लसीत आहे ते विचारा.

दुसरी, मुदत. फ्लूच्या लसीची मुदत हंगामाला बांधलेली असते. संपलेली असेल तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा.

तिसरी, थंडावा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली असली पाहिजे. ती गोठली तर निकामी होते आणि पुन्हा वितळवून वापरता येत नाही. लस विकत घेऊन दुसरीकडे टोचून घेणार असाल तर ती बर्फाच्या थेट संपर्कात ठेवू नका आणि वाटेत इतर कामं करत बसू नका. खरं तर जिथे ठेवलेली आहे तिथेच टोचून घ्या, हाच माझा आग्रह राहील.

"तीन प्रकारांची की चार प्रकारांची" यावरून लोक दवाखाने बदलत फिरतात. आता त्याची गरज उरलेली नाही. चौथा घटक असलेला बी/यामागाता हा विषाणू मार्च २०२० नंतर निश्चितपणे आढळलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनेच तो वगळायला सांगितलं. तीन प्रकारांच्या लसीत एचवनएनवन, एचथ्रीएनटू आणि बी/व्हिक्टोरिया हे तिन्ही असतात.

टोचताना. मोठ्या माणसाला दंडाच्या वरच्या जाड स्नायूत आणि तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात टोचतात. टोचणारी व्यक्ती आणि तुम्ही, दोघंही बसलेले असावेत. उभं राहून टोचलं की सुई खांद्याच्या सांध्याजवळ, फार वर जाऊ शकते आणि मग खांदा अनेक आठवडे दुखू शकतो. दंड सैल सोडा, मूठ आवळू नका. मुलाला मांडीवर घेऊन हात-पाय अलगद धरा. "दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. "एकदा टोचेल, मग झालं" एवढं पुरतं, आणि पुढच्या डोसाला मूल तुमच्यावर विश्वास ठेवतं.

नंतर १५ मिनिटं तिथेच बसा. गंभीर अ‍ॅलर्जी अतिशय क्वचित होते, पण झाली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच आणि तिच्यावरचं औषध दवाखान्यात हाताशी असतं. चक्कर येऊन पडण्याचा धोकाही याच वेळेत जास्त असतो.

*निघण्यापूर्वी:* लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कोणत्या हातात टोचली हे कार्डावर लिहून घ्या. मुलाच्या दुसऱ्या डोसाची तारीख तिथेच ठरवा आणि फोनमध्ये आठवण लावा. ती घरी जाऊन लावू म्हटलं की राहते.

टप्पा ५: पहिले दोन दिवस आणि त्यानंतरचे दोन आठवडे

दंड दुखणं, थोडी सूज, अंगात कसर, अंगदुखी हे सगळं एक-दोन दिवसांत जातं. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. हात हलता ठेवा, गार पाण्याची घडी ठेवा, गरज वाटली तर पॅरासिटामॉल घ्या. ताप येईल या भीतीने लसीच्या आधीच गोळी घेण्याची गरज नाही. ताप दोन-तीन दिवसांपलीकडे टिकला तर लसीला दोष देत थांबू नका, दुसरा काहीतरी आजार आहे असं समजून दाखवा.

यानंतरचे दोन आठवडे सर्वांत फसवे असतात, कारण मनाने आपण सुरक्षित झालेलो असतो आणि शरीर अजून तयार झालेलं नसतं. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवतो. म्हणजे समोरचा ठणठणीत दिसतो म्हणून निर्धास्त राहता येत नाही. या काळात गर्दीच्या बंद जागी मास्क लावा, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, आणि आजारी माणसाला भेटायला जाणं पुढे ढकला.

हात साबणाने किमान २० सेकंद धुवायचे. लोक तळवे चोळतात आणि अंगठा, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्या विसरतात. डोळे आणि नाक आपण चोळतो ते याच टोकांनी. साबण नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर घ्या आणि हात कोरडे होईपर्यंत चोळा. मळलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही. दाराच्या मुठी आणि स्विच पुसून घ्या. मोबाइलही पुसा, कारण कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या यातल्या कशालाही पर्याय नाहीत.

टप्पा ६: तरीही कोणी आजारी पडलं तर

सर्दी हळूहळू चढते. फ्लू अचानक गाठतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी ताप, थंडी, अंग मोडून येणं, डोकेदुखी आणि कोरडा खोकला घेऊन आडवा होतो. असं झालं की घड्याळ बघा आणि लक्षणं कधी सुरू झाली ते लिहून ठेवा.

फ्लूच्या विषाणूवर ओसेल्टामिविरसारखी औषधं आहेत आणि ती लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. टप्पा २ मध्ये ज्यांच्या नावासमोर खूण केली, त्यांच्यासाठी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. "दोन दिवस बघू" म्हणत आजार अंगावर काढला तर हीच वेळ निघून जाते. लस घेतली होती म्हणून हा फोन टाळू नका. झटपट चाचणी निगेटिव्ह आली तरी फ्लू नाहीच असं ठरत नाही, त्यामुळे औषध सुरू करायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या. आजारी माणसाच्या अगदी जवळ राहिलेल्या जोखमीच्या व्यक्तीला काही वेळा प्रतिबंधासाठीही हे औषध देतात, तेही विचारा.

*सावधान:* मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक काढू नका, ती विषाणूवर चालत नाही. १८ वर्षांखालच्यांना फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन देऊ नका. त्याने राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. डोकेदुखी-सर्दीच्या तयार गोळ्यांतही अ‍ॅस्पिरिन असू शकतं, म्हणून पाकीट वाचूनच गोळी द्या.

आजारी माणसाला शक्यतो वेगळी, हवेशीर खोली द्या. सेवा एकानेच करावी आणि ती व्यक्ती गरोदर, वयस्क किंवा जुना आजार असलेली नसावी. खोलीत जाताना दोघांनीही मास्क लावावा. ताप उतरवणारी गोळी न घेता सलग २४ तास ताप नसेल, तरच कामावर किंवा शाळेत परत जायचं. गोळी घेऊन ताप दाबून मुलाला शाळेत पाठवलं की अख्ख्या वर्गात आजार जातो.

पुढचं काहीही दिसलं तर थेट इस्पितळ गाठा: धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बडबड किंवा गुंगी, झटके, लघवी जवळजवळ बंद होणं. लहान मुलात श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का ते कपडा वर करून बघा. ते दूध-पाणी घेत नसेल, हाक मारूनही नीट जागं होत नसेल, किंवा रडताना डोळ्यात पाणी येत नसेल तर थांबू नका.

आणखी एक लक्षण फसवून जातं. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, दोन घास खातो आणि एक-दोन दिवसांनी ताप पुन्हा चढतो, खोकला वाढतो. हा बहुधा फ्लूच्या मागोमाग झालेला जिवाणूंचा न्यूमोनिया असतो, आणि इथे अँटिबायोटिक खरोखर लागू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत लसीचं कार्ड आणि लक्षणांची वेळ लिहिलेला कागद न्या.